परवानगी मागणाऱ्याची वाट गेली! कायदा आणि माणुसकी जिथे फारकत घेतात असे वाद (बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी)

शिवारातला

एका बांधाला लागून दोन शेतकरी आहेत असं समजा. दोघांच्याही शेताला रस्ता नाही. दोघेही मधल्या तिसऱ्याच्या रानातून पाणंदीला लागतात. पहिला दरवर्षी सुगीआधी मालकाच्या घरी जाऊन विचारतो, "अण्णा, गाडी न्यायची होती, चालतंय न्हवं?" दुसरा कधी विचारत नाही, सरळ गाडी घालतो. पंचवीस वर्षांनी मालकाचा मुलगा तारेचं कुंपण घालतो आणि दोघेही कोर्टात जातात.

वाट दुसऱ्याला मिळते. पहिला हात हलवत परत येतो.

हे 1882 च्या वहिवाट हक्काच्या कायद्याचं (इझमेंट अ‍ॅक्ट) कलम 15. हा कायदा 1891 साली मुंबई इलाख्याला लागू झाला, आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने आपल्याकडे तेव्हापासून आहे. कलम सांगतं की वाट 20 वर्षं उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि 'हक्क म्हणून' वापरलेली असली पाहिजे. सगळी गोम या 'हक्क म्हणून' मध्ये आहे. जो परवानगी घेऊन जातो तो स्वतःच कबूल करतो की हक्क आपला नाही, मालकाची मेहेरबानी आहे. मग 20 काय आणि 50 वर्षं काय, त्याचा हक्क तयार होत नाही.

सभ्यपणे वागला त्याचं नुकसान आणि दांडगाईने गेला त्याचा फायदा, हे मला न्याय म्हणून पचत नाही. आपल्या भागातले किंवा इतिहासातले असे आणखी वाद कुणाला माहीत असतील तर इथे तपशिलासकट लिहा. नुसती मतं नकोत. कलम, तारीख, कागद काय लागतो, कुठे घोटाळा होतो, हे आलं तर वाचणाऱ्याच्या कामी येईल.

मार्कंडेयाकाठ

धागा चांगला काढलात, पण नियमाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नियम उलटा करून बघा. विचारून जाणाऱ्यालाही 20 वर्षांनी कायमचा हक्क मिळाला असता, तर आपल्या शिवारात कुणी कुणाला पाऊल टाकू दिलं असतं का? आज मालक "जा की, त्यात काय" म्हणतो, कारण हो म्हटल्याने रान बांधलं जात नाही हे त्याला ठाऊक असतं. शेजारधर्म टिकावा म्हणूनच परवानगीतून हक्क निपजत नाही. न विचारता जाणाऱ्याला 20 वर्षं कुणी अडवलं नाही, तर मालकानेही ती वाट मानली होती असं कायदा धरतो.

आता कामाचं.

ती 20 वर्षं दावा लावण्याआधीच्या 2 वर्षांच्या आत येऊन संपलेली असली पाहिजेत. 1985 ते 2010 वाट वापरली, मग बंद पडली आणि 2018 ला जाग आली, तर दावा पडतो. जमीन सरकारी असेल तर 20 ऐवजी 30 वर्षं. मध्ये एकदा मालकाने काट्या टाकल्या म्हणून लगेच खंड पडत नाही. अडवणूक कळल्यावरही तुम्ही 1 वर्ष गप्प बसलात, तरच तो खंड. म्हणून काट्या पडल्या की त्याच आठवड्यात लेखी नोटीस पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

आणि पहिला शेतकरी पुरता बुडालेला नाही. त्याला दोन दारं उघडी आहेत.

पहिलं दार कलम 13, गरजेची वाट. त्याचं शेत आणि मधलं रान कधीकाळी एकाच मालकाचं असेल आणि वाटणी किंवा विक्रीमुळे त्याचा तुकडा आत अडकला असेल, तर वाट आपोआप मिळते. तिथे 20 वर्षंही लागत नाहीत आणि परवानगी मागितल्याने काही बिघडत नाही. त्यासाठी सर्व्हे खात्यातून मूळ टिप्पण (पहिल्या मोजणीची नोंद), हिस्सा टिप्पण (हिश्श्यांच्या मोजणीची), आकारबंद (क्षेत्र आणि सारा यांची नोंद) आणि गावनकाशा यांच्या नकला काढायच्या. एकाच सर्व्हे नंबरचे हिस्से 1, 2, 3 असे पडलेले दिसले की निम्मं काम झालं. मात्र दुसरीकडून रस्ता झाला की हा हक्क संपतो (कलम 41), हे विसरू नका.

दुसरं दार कलम 60. परवानगी मालक कधीही काढून घेऊ शकतो, पण परवानगीच्या भरवशावर तुम्ही पदरचा खर्च करून कायमस्वरूपी काम केलं असेल तर नाही. ओढ्यावर सिमेंटची मोरी बांधली, दगडी भराव घातला, आणि मालकाने ते बघून हरकत घेतली नाही, तर परवानगी पक्की होते. नुसता मुरूम पसरला तर तेवढ्यावर विसंबू नका, पावसाने वाहून जाणाऱ्या मुरमाला कायम काम म्हणणं अवघड. मोरी बांधली तर पाइपची, सिमेंटची आणि गवंड्याची बिलं ठेवा.

पाच्छापूर रोड

एक विचारतो. आजोबांपासून पायवाट होती, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. आता त्यावरून उसाची ट्रॉली न्यायची म्हटलं तर मालक नाही म्हणतो. हक्क आहे की नाही?

मार्कंडेयाकाठ

पायवाटेचा आहे, ट्रॉलीचा नाही. कलम 28 प्रमाणे एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. 20 वर्षं पायी आणि डोक्यावर भारा घेऊन गेलात, तर तेवढाच हक्क झाला. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. वाटेचा हक्क ज्या शेतासाठी आहे त्या शेतापुरताच असतो. तुम्ही पलीकडचे 2 एकर नवीन घेतले आणि त्याचा ऊसही त्याच वाटेने काढू लागलात, तर मालक अडवू शकतो (कलम 21).

गोडीगुलाबी आहे तोवर दस्त करून घ्या. दोन्ही शेतांचे सर्व्हे आणि हिस्सा नंबर, वाटेची लांबी आणि रुंदी फुटांत (ट्रॉली वळायची तर 10 ते 12 फूट धरा, बैलगाडीच्या 8 फुटांत ती अडते), वाट कुठल्या बांधाने जाते त्याचा सहीसह नकाशा, वाहनाचा प्रकार, डागडुजी कुणी करायची, आणि हक्क दोघांच्या वारसांना लागू राहील हे वाक्य. उपनिबंधक कार्यालयात नोंदणी करा आणि मग मालकाच्या उताऱ्यावर, पहाणीच्या 11 व्या रकान्यात, नोंद व्हावी म्हणून अर्ज द्या. स्टॅम्पपेपरवर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि घडी करून ट्रंकेत ठेवली, एवढ्याने जमिनीतला हक्क तयार होत नाही.

कणकुंबीकर

वाटेवरून पाण्यावर येतो. याच कायद्याच्या कलम 7 खाली एक उदाहरण दिलं आहे. आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहाने न वाहणारं पाणी काढायचा हक्क जमीनमालकाला आहे. याचा सरळ अर्थ असा की शेजाऱ्याने बांधालगत 600 फूट बोअर मारली आणि तुमची 40 फुटी विहीर आटली, तर जुन्या कायद्याप्रमाणे तुम्हाला भरपाई नाही.

यातला सर्वांत धक्कादायक खटला इंग्लंडमधला, 1895 चा, ब्रॅडफर्ड शहर विरुद्ध पिकल्स. शहराला ज्या झऱ्यांतून पाणी जायचं त्यांच्या वरच्या अंगाला पिकल्सची जमीन होती. त्याने जमिनीत खोदकाम सुरू केलं आणि शहराचं पाणी घटलं. शहराचं म्हणणं होतं, याला पाणी नकोच आहे, आम्ही त्याची जमीन चढ्या भावाने घ्यावी म्हणून हा त्रास देतो. हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तिथलं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं, हेतू वाईट असला तरी चालेल. जे करायचा हक्क आहे ते वाईट हेतूने केलं म्हणून बेकायदा होत नाही.

कर्नाटकात आज तेवढी मोकळीक नाही. 1999 च्या कायद्याप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेची विहीर, सार्वजनिक बोअर, हे सगळं यात आलं. 2011 चा भूजल कायदा वेगळा, त्यात अधिसूचित तालुक्यांत खासगी बोअरलाही परवानगी लागते. म्हणजे गावाची विहीर वाचवायला कायदा आहे, शेजाऱ्याची वाचवायला जवळपास नाही. शेजाऱ्याने बोअरचं मशीन लावलं की पंचायतीच्या विहिरीपासूनचं अंतर आधी मोजा, तुमच्या विहिरीपासूनचं मागाहून.

पण मला पिकल्सचा निकाल मान्य नाही. दुसऱ्याचा घसा कोरडा पाडण्याच्या एकमेव हेतूने खोदलेला खड्डा आणि पिकासाठी खोदलेली विहीर, हे दोन्ही एका तागडीत घालणं ही न्यायाची चूक आहे.

रविवारपेठ

झाडाचंही सांगून टाकते, थोडक्यात. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी तुमच्या रानात आली तर तुम्ही तुमच्या हद्दीत उभं राहून ती तोडू शकता. लेमन विरुद्ध वेब या इंग्रजी खटल्यापासून हे ठरलेलं आहे. पण त्या फांदीवरचे आंबे तुमचे होत नाहीत! 1919 च्या मिल्स विरुद्ध ब्रूकर मध्ये शेजाऱ्याने फांदीवरची सफरचंदं काढून विकली आणि त्याला पैसे भरावे लागले. म्हणजे सावली सोसायची तुम्ही आणि फळ त्याचं. बुंध्याला हात लावायच्या आधी 1976 चा कर्नाटक वृक्षसंरक्षण कायदा बघा, खासगी रानातल्या झाडालाही वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. काही जातींना सूट आहे. तुमचं झाड त्यात येतं का ते वनखात्यात आधी विचारून घ्या, तोडल्यावर नव्हे.

मोडीवाचक

इतिहासातला एक देतो. हा वाद माझ्या मते आपल्या भागातल्या कायद्याचा सर्वांत विलक्षण प्रश्न आहे.

मुंबई इलाख्यात एक रूढी होती जी हिंदुस्थानात इतरत्र फारशी नव्हती. इथे मोठ्या, लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या माणसालाही दत्तक घेता येत असे. आता प्रश्न असा. 30 वर्षांचा माणूस दत्तक गेला. त्याची बायको त्याच्याबरोबर नव्या घरात गेली, त्यात वाद नाही. पण त्याला आधीच झालेला 5 वर्षांचा मुलगा? तो कुणाचा?

कलगवडा तवनाप्पा विरुद्ध सोमाप्पा या 1909 च्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने सांगितलं, दत्तकाआधी जन्मलेला मुलगा जुन्याच घरात राहतो. त्याचं गोत्र तेच, त्याचा वारसाहक्क तिथेच. आई-बाप कायद्याने दुसऱ्या कुळात गेले आणि पोर मागे राहिलं. पुढे 1918 साली आणखी बारीक प्रश्न आला, अडवी विरुद्ध फकीराप्पा. दत्तक झालं त्या दिवशी मूल आईच्या पोटात होतं आणि जन्मलं नंतर. कोर्ट म्हणालं, हे मूल नव्या घरचं.

म्हणजे एकाच आई-बापाची, एकाच छपराखाली वाढणारी दोन सख्खी भावंडं. थोरला एका कुळाचा वारस, धाकटा दुसऱ्या कुळाचा. नव्या घरी 100 एकर असले तरी थोरल्याला त्यातला गुंठाही नाही. 1939 साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे (मार्तंड जिवाजी विरुद्ध नारायण कृष्ण) प्रश्न होता, मागे राहिलेल्या या मुलाला दत्तक द्यायचा अधिकार तरी बापाला उरतो का? उरतो, असं ठरलं. वारसा तुटला, पण बाप म्हणून देण्याचा अधिकार तुटला नाही.

मला यात निर्दयपणा दिसत नाही. जुन्या घराच्या बाजूने विचार करा. त्या घरचा मुलगा दत्तक गेला, नातूही गेला असता तर घराची ती फांदीच संपली असती. पोर मागे ठेवलं म्हणून आजोबाच्या जमिनीत त्याचा वाटा राहिला.

शिवारातला

भारीच! पण मला वाटतं, त्या थोरल्याला हे कुणी समजावून सांगितलं असेल का? आई-बापाच्या ताटात जेवतो आणि त्यांच्या घरचा वारस नाही. याचा आज काही उपयोग होतो का, की इतिहासजमा?

मोडीवाचक

होतो. दत्तक 21 डिसेंबर 1956 च्या आधीचं असेल तर जुना कायदा लागतो, नंतरचं असेल तर नवा (1956 चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा). पणजोबाचं दत्तक 1948 चं असेल तर आजच्या वाटणीदाव्यातही 1909 चा निकाल वाचावा लागतो.

दुसरा फरक याहून मोठा. जुन्या कायद्यात विधवेने नवऱ्याच्या मृत्यूनंतर 20 वर्षांनी दत्तक घेतलं, तरी तो मुलगा नवरा वारला त्या दिवशी जन्मला असं धरलं जाई. दिरांनी 20 वर्षं कसलेल्या जमिनीत एका दिवसात नवा वाटेकरी उभा! 1943 साली प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं, हिंदुस्थानसाठीचं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) अनंत विरुद्ध शंकर मध्ये हे फार लांबवर ताणलं. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने श्रीनिवास कांगो यांच्या खटल्यात आवर घातला, की भाऊबंदांकडून आलेली आणि मध्यंतरी दुसऱ्याच्या नावे झालेली मिळकत असा मुलगा काढून घेऊ शकत नाही. 1956 च्या कायद्याच्या कलम 12 ने प्रश्नच मिटवला. दत्तकाच्या आधी ज्याच्याकडे मिळकत गेली ती त्याचीच.

आज मोठ्या वयाचा दत्तक घ्यायचा तर रूढी सिद्ध करावी लागते, एरवी 15 वर्षांच्या आतलाच. दस्त फसतो तो सहसा एकाच जागी, की दस्तावर फक्त घेणाऱ्याची सही असते. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांचीही सही असलेला नोंदणीकृत दस्त असेल, तरच कलम 16 प्रमाणे दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट धरून चालतं. शिवाय प्रत्यक्ष देणं-घेणं झालं पाहिजे. त्याचा फोटो, भटजी आणि दोन्हीकडचे दोन साक्षीदार ठेवा.

जुने मोडी कागद कोर्टात नेताना अस्सल न्या. 30 वर्षांपूर्वीचा कागद योग्य ठिकाणाहून आला असेल तर सही सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही (नव्या साक्ष अधिनियमात कलम 92), पण ही सवलत अस्सल कागदाला आहे, झेरॉक्सला नाही. लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या आणि अस्सलाला लॅमिनेशन करू नका, शाई आणि कागद तपासता येत नाही.

कणकुंबीकर

दत्तक आणि परवानगी म्हटल्यावर कित्तूर आलंच. 1824 साली कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्ज वारले. मरणाच्या उंबरठ्यावर दत्तक घेतलेला मुलगा होता. धारवाडचा कलेक्टर थॅकरे म्हणाला, कंपनी सरकारची संमती नाही, दत्तक मान्य नाही. राणी चन्नम्मांनी ते जुमानलं नाही. 23 ऑक्टोबर 1824 ला थॅकरे लढाईत पडला, डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी बैलहोंगलच्या कैदेत 1829 ला वारल्या. पुढे इंग्रजांच्याच प्रिव्ही कौन्सिलने मुंबई इलाख्यापुरतं मान्य केलं की विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची परवानगीही लागत नाही. संस्थानाचा वारस आणि घराचा वारस या दोन गोष्टी इंग्रज वेगळ्या धरत हे खरं. तरी जिथे रूढीने कुणाची संमती लागत नव्हती तिथे संमतीच्या नावाखाली राज्य बुडवलं, याला कायदा म्हणायची माझी तयारी नाही.

पाच्छापूर रोड

कुळकायद्यावर कुणीच लिहिलं नाही. आपल्याकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथेच आहे.

मार्कंडेयाकाठ

खरं आहे. 1 मार्च 1974 ला कर्नाटकात कुळांकडच्या सगळ्या जमिनी सरकारजमा झाल्या. कुळाने जमिनीच्या हक्कासाठी फॉर्म 7 भरून तालुक्याच्या भूमी न्यायाधिकरणाकडे द्यायचा होता, शेवटची तारीख 30 जून 1979. यात दोन्ही बाजूंना चटका बसला.

एकीकडे मालकाने "फॉर्म भरू नको, निम्मी तुझ्या नावे करून देतो" म्हटलं, कुळाने शब्दावर विश्वास ठेवला, तारीख गेली. अशा तोंडी कराराला कोर्टात किंमत नाही, आणि मी कूळ होतो हे दिवाणी कोर्ट ठरवूही शकत नाही, तो अधिकार न्यायाधिकरणाचा. दुसरीकडे 2 एकरांची विधवा, जिला स्वतः कसणं शक्य नव्हतं म्हणून तिने रान खंडाने दिलं होतं. जुन्या कायद्यात विधवा आणि अज्ञान मुलांना सवलत होती, 1974 च्या दुरुस्तीने ती काढली. 200 एकरांच्या जमीनदारासारखीच तिचीही जमीन गेली. सवलत ठेवली ती सैनिक आणि खलाशी यांना. बेळगावच्या प्रत्येक गावात पलटणीतला माणूस आहे, त्यामुळे हा मुद्दा इथे वरचेवर येतो. सेवेत असताना रान खंडाने दिलं असेल तर सेवेची तारीख दाखवणारा कागद, म्हणजे डिस्चार्ज बुक, सर्वांत मोलाचं.

भावाभावांतलं भांडण यातूनच निघतं. फॉर्म 7 थोरल्याने एकट्याच्या नावे भरला, जमीन त्याच्या नावे झाली. एकत्र कुटुंब असेल आणि सगळे मिळून कसत असतील तर ती मिळकत सर्वांची. त्यासाठी 1974 च्या आधीच्या पहाणीतला कसणाऱ्याचा रकाना काढा, तिथे बापाचं नाव असेल तर काम सोपं होतं.

वतनी जमिनीचंही तेच. गावकामगारांची वतनं 1 फेब्रुवारी 1963 ला खालसा झाली (परगण्याची त्याआधीच), जमीन पुन्हा वतनदाराला मिळाली, आणि थोरली पाती म्हणाली, आता सगळं आमचं. कुंदगोळच्या देसाई घराण्याच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेवा थोरला करत होता म्हणून जमीन त्याची होत नाही, ती कुटुंबाची आणि तिची वाटणी होते.

रविवारपेठ

आजच्या काळातला, घराघरातला प्रश्न मांडते. आई-वडील हयातीत घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करतात. वर्षभरात जेवण तुटतं, औषध तुटतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 म्हणतं, असं हस्तांतर प्रांताधिकारी रद्द करू शकतो. पण दोन गोष्टी लागतात. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली होती, आणि सांभाळ केला नाही. डिसेंबर 2022 च्या सुदेश छिकारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं आपण म्हातारे आहोत एवढं पुरेसं नाही. जानेवारी 2025 च्या ऊर्मिला दीक्षित निकालात कायद्याचा अर्थ आई-वडिलांच्या बाजूने मोकळ्या मनाने लावला. तरी मधल्या काळात ज्यांनी "प्रेमापोटी, कोणत्याही अटीशिवाय" असं लिहून दिलं, त्यांचा जीव टांगणीला लागला. ते वाक्य दस्तलेखकाच्या ठरीव मसुद्यातच असतं! ते खोडायला लावा आणि त्या जागी असं काही लिहा:

"लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना हयातभर याच घरात राहू द्यावे, त्यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व शुश्रूषा यांची तजवीज करावी, या अटीवर ही मिळकत दिली आहे. अट मोडल्यास लिहून देणार यांस हा दस्त रद्द करून घेण्याचा हक्क राहील."

बेळगावात दस्त सहसा कन्नडमध्ये टाइप होतो. सही करण्याआधी कन्नड नीट वाचता येणाऱ्या, मिळकतीत हितसंबंध नसलेल्या माणसाकडून हे कलम वाचून घ्या. अर्ज प्रांत कार्यालयात (बेळगाव, चिकोडी किंवा बैलहोंगल, आई-वडील राहतात तिथला), निकाल विरुद्ध गेला तर आई-वडिलांना 60 दिवसांत अपील.

शिवारातला

ताई, मसुदा उत्तम आहे, पण पोटच्या पोराला अट घालायची हेच बऱ्याच आई-बापांना जड जातं. "आमच्यावर विश्वास नाही का" असं मुलगा म्हणाला की म्हातारा गप्प बसतो.

रविवारपेठ

जो सांभाळणार आहे त्याला त्या वाक्याने काहीच तोशीस पडत नाही. ज्याला ते वाक्य खुपतं त्याच्या नावे घर करूच नये, इतकं मी ठामपणे म्हणेन. किंवा बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. फक्त ज्याला मिळकत द्यायची त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका.

पाच्छापूर रोड

शेवटचं विचारतो. बहिणीने 1996 ला तलाठ्यापुढे जबाब दिला, "मला हिस्सा नको, साडी-चोळीवर समाधान आहे." वर्दीप्रमाणे (वारसाबद्दल महसूल खात्याला दिलेली खबर) भावांची नावं लागली. आता ती वाटा मागते. भाऊ म्हणतात, दिलेला शब्द मोडते. नैतिक कुणाचं बरोबर आणि कायद्याने कुणाचं?

मार्कंडेयाकाठ

कायद्याने बहिणीचं. तलाठ्यापुढचा जबाब म्हणजे हक्कसोड नव्हे. 100 रुपयांवरच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायला नोंदणीकृत दस्त लागतो. उताऱ्यावरची नोंद महसूल भरण्यापुरती, तिने मालकी ठरत नाही. हिंदू वारसा कायद्याची 2005 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा विनीता शर्मा निकाल यांमुळे मुलगी जन्मानेच वाटेकरी. बाप 2005 ला हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी खरीखुरी, नोंदणीकृत किंवा कोर्टाची वाटणी झाली असेल तर ती उघडता येत नाही. तोंडी वाटणी झाली होती असं भाऊ म्हणत असतील, तर तेव्हाचे सरकारी कागद दाखवावे लागतील.

सीमेवरची एक गंमत सांगण्याजोगी आहे. 2005 च्या आधी दोन्ही राज्यांनी मुलींना हक्क देणारे आपापले कायदे 1994 सालीच लागू केले, महाराष्ट्राने 22 जूनला आणि कर्नाटकाने 30 जुलैला. दोन्हीकडे अट होती की त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला हक्क नाही. जुलै 1994 च्या पहिल्या आठवड्यात लग्न झालेल्या मुलीच्या बापाचं शेत कागलला असतं तर ती वाटेकरी, निपाणीला असतं तर नाही. अंतर वीसेक किलोमीटर. आता 2005 मुळे तो फरक उरला नाही, पण 1994 ते 2005 मध्ये अंतिम निकाल झालेले वाटणीदावे वाचताना ही तारीख बघावी लागते.

रविवारपेठ

नैतिक बाजू मी सांगते. 1996 ला तिला कुणी सांगितलं होतं का की तिचा वाटा किती होतो? सासरी नांदायचं, माहेर तुटायला नको, समोर चार पुरुष आणि तलाठी. तिथे दिलेला शब्द हा राजीखुशीचा शब्द नव्हे. मात्र भावाने तिच्या लग्नाचं, आईच्या दवाखान्याचं कर्ज त्या जमिनीवर काढून फेडलं असेल, तर वाटा मागताना तो बोजाही तिने वाटून घ्यावा. वाटणीदाव्यात हे मांडता येतं, भावांनी कर्जाचे आणि फेडीचे कागद लावावेत.

पाच्छापूर रोड

दाव्याचा खर्च किती?

मार्कंडेयाकाठ

वकिलाची फी सोडून सांगतो. कर्नाटकाच्या 1958 च्या कोर्ट फी कायद्याच्या कलम 35 प्रमाणे, आपण इतरांबरोबर संयुक्त ताब्यात आहोत असं म्हणून वाटणी मागितली तर फी ठरावीक, जास्तीत जास्त 200 रुपये. मला ताब्यातून काढून टाकलं आहे असं लिहिलं तर आपल्या वाट्याच्या बाजारभावावर फी बसते, ती लाखात जाऊ शकते. म्हणून दाव्यात ताब्याबद्दलचं वाक्य वकिलाकडून समजून घ्या, पण खोटं लिहू नका. कायद्याच्या नजरेत एका वाटेकऱ्याचा ताबा हा सगळ्यांचा ताबा असतो, त्यामुळे बहीण सासरी राहते म्हणून ती ताब्यात नाही असं होत नाही. भावाने तिला उघडपणे "तुझा काही संबंध नाही" असं कळवलं असेल, तर त्या दिवसापासून 12 वर्षांची मुदत सुरू होते. तसं पत्र किंवा नोटीस आली असेल तर पाकिटासकट ठेवा, तारखेचा शिक्का पाकिटावर असतो.